ऑइलात पाणी, तेही तिसऱ्यांदा: गॅस्केट राहू दे, लायनर बाहेरून बघा

सकाळी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी गेज पट्टी उपसली, तर टोकाला ऑइल नव्हतं, चहा होता. दूध जरा जास्तच पडलेला. पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर. रेडिएटरचं झाकण काढलं तर आतल्या नळ्या उघड्या पडलेल्या. म्हणजे वरचं पाणी खाली ऑइलच्या चेंबरात उतरलं होतं, आणि सव्वा वर्षात हे तिसऱ्यांदा होत होतं.

तुमच्याकडंही असंच चाललंय आणि मिस्त्री दर खेपेला ‘गॅस्केट उडालं’ म्हणतोय, तर हे शेवटपर्यंत वाचा. (हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं जड झाकण, गॅस्केट म्हणजे त्या दोघांच्या मधली पातळ पट्टी.) मी दोन वेळा हेड उतरवून पैसे घातलेत. खरा दोष हेडपासून वीतभर खाली होता.

ट्रॅक्टर ५० एचपीच्या आसपासचा, तीन सिलिंडरचा, २०१९ साली घेतलेला. काम वाळवा तालुक्यात. उन्हाळ्यात नांगर आणि रोटर, दिवाळीनंतर कारखाना पेटला की उसाच्या दोन ट्रॉल्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ‘ओल्या लायनर’चं कुठलंही डिझेल इंजिन या दुखण्यानं पडू शकतं, नाव लिहिलं की पुढची सगळी चर्चा ‘ती कंपनीच तसली’ यावर जाते आणि दोष बाजूला राहतो.

ओला लायनर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते ब्लॉकमध्ये सुटं बसवलेलं असतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट रेडिएटरचं पाणी लागतं. वरून हेड त्याला दाबून धरतं, खाली रबराच्या ओ रिंगा पाणी अडवतात. कोरड्या लायनरच्या इंजिनात पाणी आणि लायनर यांच्यामध्ये ब्लॉकची भिंत असते, त्याला हा रोग होत नाही. तुमचं इंजिन कुठल्या जातीचं आहे ते स्पेअर पार्टच्या पुस्तकात चित्रावरून कळतं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे; तिच्या चाचणी अहवालात इंजिनाचा बराच तपशील असतो. आपल्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर जपून ठेवावा, शोरूममधल्या रंगीत पत्रकापेक्षा कामाचा असतो.

पहिल्यांदा पाणी उतरलं ते २०२२ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात. डीलरच्या वर्कशॉपला गाडी गेली, गॅस्केट बदलून चौथ्या दिवशी घरी आली. हंगाम संपता संपता पुन्हा तेच. या वेळी हेड लेथवर नेऊन फेसिंग केलं, म्हणजे खालचा पृष्ठभाग सपाट करून घेतला, हेडला तडा आहे का ते पाण्यात दाब देऊन तपासलं, नवं गॅस्केट, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. काम चांगलं केलं होतं, त्यात खोट काढत नाही. पुढं गाडी १४० तास चालली. मग परत चहा.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. दोन्ही वेळेला निघालेलं गॅस्केट धडधाकट होतं. ना कुठं जळलेलं, ना कडा फुटलेल्या. मी विचारलंही होतं. उत्तर आलं, “बारीक लीक असतंय, डोळ्याला दिसत नाही.” आपल्याला हंगामाची घाई, आपण मान डोलावतो.

तिसऱ्या खेपेला मी हेडला हात लावू दिला नाही.

गॅस्केट नाही, हे कशावरून

गॅस्केट उडालं किंवा हेडला तडा गेला तर जळालेल्या डिझेलचा दाब पाण्यात घुसतो. त्यामुळं थंड इंजिन चालू करून, झाकण काढून, रेडिएटरच्या तोंडात बघत बसायचं. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, ॲक्सिलरेटर दिला की वाढत असतील, तर हेड उतरवा. (गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, आमच्या गावात एकाचं तोंड भाजलंय.) माझ्या गाडीत एक बुडबुडा नाही. सुरू करताना पांढरा धूर नाही. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) पाच मिनिटांत दगडासारखा कडक होतो का पाहिलं, तसंही नाही. म्हणजे पाणी वरच्या बाजूला, जाळाच्या जागेत जातच नव्हतं. ते थेट खाली उतरत होतं.

काही इंजिनांत ऑइल थंड करायला कूलर असतो, तो फुटला तरी ऑइल दुधाळतं. पण इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळं आधी रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलची साय दिसते. माझ्या गाडीला कूलर नव्हताच, आणि रेडिएटर स्वच्छ होता.

ऑइल वाढलंय पण दुधाळ नाही, पातळ झालंय आणि वास मारतोय, तर ते डिझेल आहे. पंप किंवा नोझल बघा, ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. आणि थंडीत गाडी दहा-दहा मिनिटंच चालत असेल तर ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळट फेस धरतो. तो दमटपणाचा. पट्टीवरचं ऑइल काळंच असेल तर घाबरू नका. शंका असेल तर जुना तवा चांगला तापवून पट्टीवरचा एक थेंब त्यावर सोडा. नुसतं ऑइल धुरावतं, पाणी असलं की मोहरी टाकल्यागत तडतडतं. तवा परत स्वयंपाकघरात नेऊ नका, मी ते करून बोलणी खाल्लीत.

आणखी एक सोपी परीक्षा: गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी चालू न करता चेंबरचा ड्रेन नट अगदी हळू सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं. माझ्याकडं आधी अर्धा पेला गढूळ पाणी आलं, मग ऑइल.

खडूची खूण

सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की पाणी रोज कमी होत नव्हतं. तीन-चार दिवस रेडिएटर जसाच्या तसा, आणि एका सकाळी अर्धा लिटर गायब. कामाशी संबंध नाही, उन्हाशी नाही. पाडळीच्या चढाला दोन ट्रॉल्या ओढून आलेल्या दिवशी पाणी पूर्ण, आणि नुसतं वैरण आणायला गेलेल्या दिवशी गायब.

यावर विचार करताना लक्षात आलं, की पाणी चालताना नाही, उभ्यानं जातंय. मग दर वेळी इंजिन थांबतं ते एकाच जागी थांबतं का? क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या पुलीवर खडूनं एक रेघ मारली आणि वहीत लिहायला लागलो: संध्याकाळी रेघ कुठं, सकाळी पाणी किती. ऑइल दुधाळ व्हायला लागलं की काढून टाकायचं आणि पुढं मोजायचं. दुधी ऑइलवर गाडी कामाला नेऊ नका, बेअरिंग जातात. मी ही मोजणी अंगणातच, रोज पंधरा-वीस मिनिटं चालवून केली.

तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्या तरी एका पिस्टनच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं. त्यामुळं रेघही साधारण तीनच जागी थांबायची: वर डावीकडं, उजवीकडं, आणि खाली. सतरा रात्रींची नोंद झाली. रेघ खाली असलेल्या पाच रात्रींपैकी पाचही सकाळी पाणी कमी. बाकी बारा रात्रींत थेंबभरही नाही.

ही वही मी कुणाला दाखवली तर हसतील असं वाटत होतं. पण यातून सगळं निघालं. पाणी जाण्याची जागा पिस्टन कुठं उभा आहे त्यावर अवलंबून असेल, तर ती जागा गॅस्केट नाही आणि ओ रिंगही नाही. त्यांना पिस्टनशी देणंघेणं नसतं. गळती लायनरच्या भिंतीतच हवी. पिस्टन वर उभा राहिला की भोक उघडं, पाणी चेंबरात. पिस्टन भोकासमोर उभा राहिला की त्याच्या अंगानंच बूच बसलं.

चेंबर खोलून दाब

आता पुरावा पाहिजे. ऑइल काढलं, खालचा चेंबर उतरवला, क्रँकखाली पांढरा पुठ्ठा अंथरला. पुलीची रेघ खाली आणली. रेडिएटरच्या तोंडाला दाब द्यायला वर्कशॉपमध्ये हातपंप आणि घड्याळ असतं. आमच्या मिस्त्रीनं जुन्या झाकणात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून तेच केलं. जादा पाण्याची नळी बांधून टाकायची आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाच्या वर जायचं नाही. साधारण ०.९ बार असतो. जास्त दिला तर रेडिएटरच फुटेल आणि तुम्हाला नवीन गळती सापडेल.

अर्धा तास काहीच नाही. मिस्त्री तंबाखू मळत बसला. मग मधल्या सिलिंडरच्या खालच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि पुठ्ठ्यावर पडला. बॅटरी धरून पाहिलं: थेंब लायनर आणि ब्लॉकच्या फटीतून येत नव्हता, म्हणजे ओ रिंग नाही. तो लायनरच्या आतल्या, घासून चकचकीत झालेल्या भिंतीवरून ओघळत होता. दांड्यानं क्रँक अर्धा फिरवला, पिस्टन खाली आणला. थेंब बंद. परत वर नेला. दोन मिनिटांत परत थेंब.

मिस्त्री म्हणाला, “आयला, वही खरी निघाली.”

हेड उतरलं, पिस्टन काढले, मधला लायनर ओढला. आतून पाहिलं तर केसाएवढा काळा ठिपका, नखालाही लागेना. बाहेरून मात्र पाहवत नव्हतं. पिस्टन जाळ झाल्यावर ज्या अंगाला रेटतो, नेमक्या त्या अंगाला वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीचा पट्टा आणि त्यात शेकडो खड्डे. बाकीच्या अंगाला साधा गंज, खड्डा एक नाही. दाभणाचं टोक काही खड्ड्यांत सहज आत जायचं. आत मोबाईलची बॅटरी लावून लायनर अंधारात धरला, तर त्या पट्ट्यात एक उजेडाची टाचणी चमकली. ती एवढीशी टाचणी मला दोन गॅस्केटं, एक फेसिंग, तीन वेळचं ऑइल आणि दोन हंगामांतले तेवीस दिवस पडली होती.

“हे तर इंपेलरागत खाल्लंय”

मिस्त्रीनं असलं पाहिलं नव्हतं. तो म्हणाला लायनरच सदोष आलाय, ओतीव कामात भोकं राहिलीत. मीही चिडून तेच धरून बसलो होतो. त्याच आठवड्यात पलूसकडचे मामा आले. ते पंपाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. लायनर हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “आरं, हे तर इंपेलरागत खाल्लंय.” इंपेलर म्हणजे पंपातली पाणी फेकणारी चक्री.

“मामा, पण इथं कुठला आलाय इंपेलर?”

“इंपेलर नाही, पण पाणी हाय न्हवं? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं की मोटर कशी खडे टाकल्यागत वाजती? मग इंपेलर काढून बघ. असाच असतोय, किडलेल्या ज्वारीवानी.”

मामांनी सांगितलं ते असं. पंपाची ओढ जास्त झाली की पाण्यातला दाब इतका पडतो की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे सुटतात. ते पुढं दाबाच्या जागी गेले की फुटत नाहीत, आत कोसळतात, आणि कोसळताना जवळच्या धातूवर सुईच्या टोकाएवढ्या जागेत हातोडा मारतात. एकानं काही होत नाही. तासन् तास, लाखोंनी बसले की बीडसुद्धा कुरतडलं जातं. जहाजाच्या पंख्यांना असे खड्डे पडायला लागल्यावर इंग्लंडात त्याचा शोध घेतला गेला, आणि बुडबुडा कोसळताना किती दाब होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडलं. आमच्या मामांना ते गणित माहीत नाही, त्यांना अंगठ्याला कळतं.

इंजिनात बुडबुडे कसे? डिझेलचा भडका झाला की पिस्टन खाली जाताना एका अंगाला लायनरवर आदळतो. लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत झटकन आत गेली की पाण्याला तिच्यामागं धावायला वेळ मिळत नाही, मध्ये क्षणभर पोकळी होते, तिथं बुडबुडे. भिंत परत आली की ते कोसळले. ट्रॅक्टर मिनिटाला दोन हजार फेरे मारत असेल तर प्रत्येक पिस्टनचे हजार दणके. याला कॅव्हिटेशन म्हणतात. म्हणून खड्डे एकाच अंगाला. क्षारानं किंवा गंजानं खाल्लं असतं तर चहूबाजूंनी खाल्लं असतं. लायनर सदोष ओतलेला असता तर एकच लायनर खराब असता. बाकीचे दोन ओढले तेव्हा त्यांनाही त्याच अंगाला तसाच पट्टा, फक्त आरपार व्हायचं बाकी.

मग सगळ्याच ट्रॅक्टरना का होत नाही? कारण कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात असायला हवं ते रसायन. कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, असं मी स्वतः दहा जणांना सांगितलं असेल. चुकीचं सांगितलं. डिझेल इंजिनाच्या चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर एक बारीक थर धरतात. हातोडा त्या थरावर बसतो, थर उडतो, लगेच नवा धरतो. साध्या पाण्यात थर नाही, हातोडा थेट लोखंडावर. माझ्या गाडीत २०२१ साली शेतात होज फुटला तेव्हा कंपनीचं हिरवं कूलंट सांडून गेलं आणि त्यानंतर बोअरचं पाणी. ते पाणी मोजून आणलं तर टीडीएस, म्हणजे लिटरमागं विरघळलेले क्षार, १,४०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात. आमच्या पट्ट्यात पाणी पाजून पाजून जमिनी क्षारवट झाल्यात, तेच पाणी मी दोन वर्षं इंजिनाला पाजत होतो.

याला आणखी दोन गोष्टींनी हात लावला. एकदा गाडी तापली म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून दिला होता. ‘व्हॉल्व्ह काढला की गाडी गार राहते’, हे ऐकलं असेलच. गार राहते, पण पिस्टन पुरता फुगत नाही, लायनरमध्ये ढिला राहतो आणि जास्त आदळतो. दुसरं, रेडिएटरचं झाकण हरवल्यावर इस्लामपुरातून घेतलेलं झाकण कमी दाबाचं होतं. पाण्यावर दाब कमी म्हणजे बुडबुडे धरायला रान मोकळं.

एक शंका अजून तपासायची असते. वायरिंगची अर्थिंग खराब असेल तर वीज पाण्यातून वाट काढते आणि धातू खाते. उसाच्या ट्रॅक्टरवर डेक आणि चार बॉक्स नसले तर ड्रायव्हर यायला तयार होत नाही, आणि त्या वायरिंगला अर्थिंग कुठून घेतलीय ते देवालाच ठाऊक. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता. सगळे दिवे, डेक चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. माझ्याकडं ०.०८ आलं. डेक सुटला.

कंपनीला काय लिहावं

पहिली मेल मी रागात लिहिली होती. ‘तुमचा ट्रॅक्टर घेऊन पस्तावलो’ वगैरे. त्यावर तक्रार नोंदल्याचा एक मेसेज आला आणि पुढं शांतता. टोल फ्रीवर बाई गोड बोलायच्या: सर, वॉरंटी संपलीय. डीलर म्हणाला, पाणी तुम्ही घातलंय, आम्ही काय करणार. तो अर्धा बरोबरच होता.

दुसरी मेल मामांच्या समोर बसून लिहिली. चासिस नंबर, इंजिन नंबर, किती तास चालला. तिन्ही वेळच्या तारखा आणि तासमीटरचे आकडे. वहीचे फोटो. लायनरचे फोटो, शेजारी पट्टी धरून, प्रत्येक सिलिंडरवर नंबर टाकून आणि पुढची बाजू खडूनं दाखवून, म्हणजे खड्डे कुठल्या अंगाला आहेत ते कळावं. पाण्याचा टीडीएस, व्होल्टचा आकडा. आणि त्याखाली फक्त प्रश्न:

‘या इंजिनाच्या लायनरचा पार्ट नंबर नंतर बदलला आहे का? बदलला असल्यास कशासाठी? लायनर ब्लॉकच्या वर किती उठलेला हवा? पिस्टन आणि लायनरमध्ये जास्तीत जास्त किती फट चालते? कूलंट कुठल्या मानकाचं हवं? मी नवीन लायनर बसवण्याआधी तुमचा माणूस ब्लॉक बघून जाईल का? जुने भाग मी जपून ठेवले आहेत.’

आपली चूकही लिहिली: दोन वर्षं साधं पाणी होतं. मामा म्हणाले लिही, ते आल्यावर कळणारच आहे. पण बिलं चाळताना एक गोष्ट हाताला लागली. डीलरच्या दोन्ही बिलांत गॅस्केट होतं, ऑइल, फिल्टर, मजुरी, अगदी कापडाच्या चिंध्याही होत्या. कूलंट कुठंच नव्हतं. म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपनंही दोन वेळा इंजिन बांधून नळाचंच पाणी भरून दिलं होतं. तीही बिलं जोडली, वर एक अक्षर न लिहिता.

नवव्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर आला. पोरगा तिशीतला, पण जाणकार. डायल गेज लावून लायनरची बैठक मोजली, खालची ओ रिंगची जागा बोटानं आणि मग मापानं तपासली, थर्मोस्टॅटच्या रिकाम्या घराकडं बघून मान हलवली, झाकण उलटं करून आकडा वाचला. खड्डे बघून त्यानं एका मिनिटात सांगितलं, कॅव्हिटेशन. आधी दोन वेळा गाडी यांच्याच दारात जाऊन आली होती, तेव्हा ते मिनिट कुणी दिलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

निकाल असा लागला: लायनर-पिस्टनचे तीन सेट कंपनीनं निम्म्या किमतीत दिले, मजुरी डीलरनं सोडली. ऑइल, बेअरिंग आणि बाकीचं माझं. मला वाटतं हिशेब बरोबर झाला. दोष तिघांत वाटला गेला होता.

हे न जमलं तर पुढची वाट माहीत असावी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. ट्रॅक्टर स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच आहात, ‘व्यापारी वापर’ म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. त्यासाठी जुने भाग पाहिजेत. मिस्त्री भंगारात टाकायच्या आत ताब्यात घ्या.

परत बांधताना

जे लायनर आरपार झाले नाहीत ते पाव फेरा फिरवून बसवायची जुनी युक्ती आहे, म्हणजे दणका कोऱ्या अंगाला बसतो. मिस्त्री तेच करू म्हणत होता. आतून झीज नसेल आणि खड्डे उथळ असतील तर चालतं. माझ्या दोन लायनरमध्ये दाभण आत जात होतं, म्हणून तिन्ही बदलले. दुधी ऑइल फिरलंय म्हणून बेअरिंगही उघडून बघितली. दोन काळवंडली होती, सगळीच नवी टाकली. ब्लॉकच्या आतला क्षाराचा थर खरवडून काढला, पाट्याभर निघाला. ओ रिंगांना साबणाचं पाणी लावून लायनर हातानं दाबून बसला पाहिजे, हातोडा लागतोय म्हणजे रिंग मुडपलीय. हेड ठेवण्याआधी नुसत्या ओ रिंगांवर ब्लॉकमध्ये पाणी भरून तासभर ठेवा. गळालं तर तेव्हाच कळतं.

थर्मोस्टॅट नवा, झाकण कंपनीचं. पहिलं ऑइल स्वस्तातलं भरून दहा मिनिटं सावकाश चालवलं आणि फिल्टरसकट काढून टाकलं, कारण कोपऱ्याकापऱ्यात चहा उरलेला असतो.

कूलंट घेताना रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, रंग कुणीही घालतं. डब्यावर मानक बघा. अवजड डिझेल इंजिनाच्या कूलंटवर ‘एएसटीएम डी ६२१०’ असतं. नुसतं ‘डी ३३०६’ असेल तर ते हलक्या गाड्यांचं. डब्यातलं तयार आहे की पाणी मिसळायचं आहे ते वाचा. मिसळायचं असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे), निम्मं निम्मं, बादलीत आधी ढवळून. आणि शेतात पातळी कमी दिसली तर बाटलीतलं मिसळलेलंच टाकायचं. मी पाच लिटरचा कॅन सीटखाली बांधून ठेवलाय, ड्रायव्हरनं त्यातलं पाणी प्यायचं नाही म्हणून त्यावर कवटी काढलीय. विषारी असतं ते, गोडसर लागतं, जनावरं आणि पोरं यांच्यापासून लांब ठेवा.

त्यानंतर ६१० तास झाले. पट्टी काळी आहे. पुलीवरची खडूची रेघ पावसात धुऊन गेली होती, ती मी परवा पांढऱ्या रंगानं मारून घेतली. मधला लायनर शेडमध्ये खुंटीला आहे, मामा आले की उन्हाकडं धरून त्या भोकातून बघतात आणि मिस्त्रीला विचारतात, “गॅस्केट कुठं उडालंय म्हणत हुतास?”